उठा म्हणून सांगणार कोण?

"बोट लई भारी हाय ओ साहेब, पन पाणी दारात यायच्या आधी उठा म्हनून सांगनार कोन? तलाठी म्हनतोय ग्रामसेवक सांगंल, ग्रामसेवक म्हनतोय तलाठी."

आज कोल्हापुरात पंचगंगेकाठी पुराचं मॉक ड्रिल होतं, लाइफ जॅकेट, सायरन सगळं, आणि एका आज्जींनी पदर खोचून थेट साहेबांनाच विचारलं. पब्लिक हसलं. साहेब पण हसले. उत्तर काय आलं नाही.

डोक्यातून जाईना. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, हे इथं शाळेतल्या पोरालापण पाठ, २०१९ ला तर पाणी ५५ च्या वर गेलेलं. पण विसर्ग बघणार पाटबंधारे, पावसाचा अंदाज हवामान खात्याकडं, रस्ता अडवणार पोलीस, चाऱ्याचं आणखी कुणाकडं, आणि अलमट्टी धरण तर पलीकडच्या राज्यात, कर्नाटकात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्यात या सगळ्याची मोट बांधायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलंय, कागदावर ठीकच आहे ते, बोटी पण हव्यातच. पण आज्जींच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्या काय बोटीत बसत नाहीत, त्यांना आधीच हलवावं लागतं.

तुमच्या गावात रात्री दोनला दार वाजवायचं काम नक्की कुणाच्या नावावर आहे?