प्लग लावल्यावरच कळतं

स्टेजवर गाताना वाजवायला गिटार निवडायचीय, म्हणून आज दिवसभर गिटारी वाजवून बघितल्या, बोटं पार हुळहुळतायत. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार, हातात घेतली की काय तो बेस, मस्तच, पण गायला लागलो की माझाच आवाज त्याखाली दबतो ना राव! ओएम हा गिटारीचा दुसरा आकार, बॉडी जरा लहान, कमरेत बारीक, मिडरेंज (मधले सूर) स्पष्ट आणि गाण्याला जागा सोडते. नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ४४.५ मिमी रुंद, म्हणजे फिंगरपिकिंगला (बोटांनी तारा छेडायला) बोटं मोकळी. टॉप (पुढची फळी) सॉलिड, म्हणजे अखंड स्प्रूस लाकडाचाच हवा, मागची बाजू लॅमिनेट (थर चिकटवलेली) असली तरी चालेल मला. खरी गंमत प्लग लावल्यावर, नुसती ऐकताना जी सगळ्यात गोड वाटली तिचा सॅडलखालचा (तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिएझो, म्हणजे कंपनं पकडणारा पिकअप, ॲम्पमधून नुसता टणटण करत होता, आणि स्टेजवर लोकांना तोच ऐकू जाणार की! उद्या पट्टा लावून, उभं राहून, माझीच गाणी म्हणून बघतो, मगच ठरवू.