पाण्यासकट इंधन: आमची वाटचाल

इथेनॉलचं नुसतं ऊर्ध्वपातन करत राहिलं, तर वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. उरलेलं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून धरणारे सच्छिद्र दाणे लागतात, वाफ लागते, म्हणजेच पैसा लागतो. आमच्यासारख्या छोट्या युनिटला तो झेपणारा नव्हता. मग पाण्यासकटच अल्कोहोल डिझेलमध्ये मिसळता येईल का, हा विचार घेऊन आम्ही धंद्यात उतरलो.

लोकांनी वेड्यात काढलं, आणि रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूचं होतं. कोरडं इथेनॉलसुद्धा थंडीत डिझेलपासून फुटतं, म्हणजे वेगळं होतं. पाणी असलं तर उबेतही फुटतं. दोघांना बांधून ठेवायला आम्ही ब्यूटेनॉल हे दुसरं अल्कोहोल धरलं. तेही आंबवूनच करता येतं, डिझेलमध्ये सहज विरघळतं आणि इथेनॉलशीही त्याचं पटतं. जोडीला सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा तेल-पाणी जुळवणारा पदार्थ. प्रमाण बसलं की दुधाळ मिश्रण ढवळता ढवळता एकदम नितळ होतं, मायक्रोइमल्शन तयार होतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांचं स्थिर मिश्रण. बरणीमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता आली की बरणी रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तळाशी बारीकशी जरी रेघ दिसली तरी बॅच बाद. त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

ग्राहक आधी विचारतो, इंधन किती खाणार? जास्त खाणार, हे आम्ही तोंडावर सांगतो. डिझेलमध्ये किलोमागे ४३ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, इथेनॉलमध्ये सुमारे २७, आणि पाण्यात काहीच नाही. शिवाय इथेनॉलचा सीटेन नंबर, म्हणजे इंजिनात चटकन पेट घेण्याचं माप, फारच खाली असल्याने सीटेन वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह घालावं लागतं, नाहीतर थंड इंजिन ठोकायला लागतं. बदल्यात अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनमुळे काजळी घटते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडही बहुतेक वेळा उतरतात. पण ग्राहकाला पटतं ते धुराड्यापाशी धरलेलं पांढरं फडकं बघून.

आता आम्ही तयार इंधन विकत नाही. मिश्रण जुळवणारं द्रावण देतो, आणि साठवण कशी करायची ते समजावतो. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, १३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यामुळे हे मिश्रण डिझेल समजून हाताळणाऱ्याला आम्ही माल देत नाही. त्याची टाकी पेट्रोलच्या नियमांनीच ठेवावी लागते. रबरी सील आणि होसही बदलायला सांगतो.

गिऱ्हाईक मुख्यतः जनरेटर आणि पंपांची जुनी इंजिनं चालवणारं. कॉमन रेलवाले, म्हणजे अतिदाबाने इंधन फवारणारी नवी डिझेल इंजिनं असलेले, अधूनमधून विचारतात. तिथल्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनचीच, वंगण इंधनाचंच, आणि अल्कोहोल-पाण्याने ते वंगण पातळ पडतं. त्यांना आम्ही अजून नाहीच म्हणतो.