आमची वाटचाल : मिस्तरी रविवारी भेटत नाही

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाडा ते चांदूर बाजार या पट्ट्यात ज्यांच्या दारी बैलजोडी होती, त्यांना आमच्या सुतारकामाच्या दुकानाची ओळख करून देण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी बाबांनी ते मागून घेतलेल्या जागेत सुरू केले, तेव्हा एक वाकस, दोन रंधे, तीन पटाश्या, एक गिरमिट आणि आजोबांचा काटकोनी गुण्या एवढेच भांडवल होते. ‘मिस्तरी रविवारी भेटत नाही’ ही ख्याती मात्र पहिल्याच महिन्यात पसरली, कारण रविवारी सकाळी बाबा पांढरा सदरा घालून आईला आणि आम्हा चौघा भावंडांना चर्चमध्ये उपासनेला नेत, आणि अंथरुणाला खिळल्याखेरीज त्यांनी ती कधी चुकवली नाही.

ते दिवस बंडीचे, म्हणजे बैलगाडीचे होते. कापूस फक्त शासनालाच विकायचा, ही एकाधिकार कापूस खरेदी नुकतीच सुरू झाली होती आणि खरेदी केंद्राबाहेर कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग हलता हलत नसे. कोरड्या हवेत लाकूड आकसते, चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे म्हणजे पुठ्ठे सैल होतात आणि त्यांवरची लोखंडी धाव निसटते, हे बंडी हाकलेल्या माणसाला सांगायला नको. अशाच एका रात्री रांगेतल्या एका पाटलांच्या चाकाची धाव निखळली. बाबांनी कापूस न उतरवता कण्याखाली ओंडके रचून बंडी उचलून धरली, कंदिलाच्या उजेडात धाव ठोकून बसवली, पुठ्ठा आणि धाव यांच्या फटीत बाभळीच्या पाचरी मारल्या आणि चाकाला ओले गोणपाट गुंडाळून पहाटेपर्यंत त्यावर पाणी मारत राहिले. त्यानंतर पाटलांनी दुसऱ्या सुताराचे तोंड पाहिले नाही. पैसे मात्र ते कापसाचा चुकारा, म्हणजे सरकारी खरेदीचे पैसे मिळाल्यावरच देत, आणि चुकारा किती उशिरा मिळे हे वऱ्हाडातल्या वाचकांना ठाऊक आहे.

रविवारचा खरा पेच मृगात पडे. शनिवारी रात्री पाऊस झाला की रविवारी सकाळी कोणी ना कोणी मोडक्या फणाची पेरणीची तिफन खांद्यावर घेऊन अंगणात उभा राही आणि म्हणे, “मिस्तरी, वापसा गेला त मी काय करू?” वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल. बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशीही लोक त्याला बाहेर काढतातच, हे प्रभूचे वचन बाबांना पाठ होते. त्यामुळे उपासनेहून आल्यावर ते सदरा खुंटीला अडकवून फण बदलून देत, परंतु त्या दिवशीच्या कामाचा एक पैसा घेत नसत आणि नवे काम तर हातातच धरत नसत. याचा परिणाम असा झाला की काही धूर्त मंडळी आठवडाभर मोडकी अवजारे साठवून रविवारीच आणू लागली. त्यांतल्या काहींनी नवी बंडी मात्र दुसरीकडून घेतली. ती घरे मला आजही माहीत आहेत.

ते ‘दुसरीकडे’ म्हणजे आमच्या समोरच होते. बाबांच्या हाताखाली सहा वर्षे काम शिकलेल्या, आमच्या आईच्या हातची भाकर खाल्लेल्या मुलाने रस्त्यापलीकडे टपरी टाकली. त्याला माझा विरोध नव्हता; शिकलेल्या माणसाने पोट भरावेच. परंतु जाताना त्याने पुठ्ठ्यांचे फर्मे, म्हणजे आखणीचे साचे, आणि तिफनीच्या मापाच्या सागवानी पट्ट्या उचलून नेल्या, आणि ‘आमच्याकडे रविवार चालू’ अशी पाटी लावली. धाव गोवऱ्यांच्या जाळात किती लाल झाली म्हणजे चाकावर टाकायची, हे त्याला बाबांनी स्वतःचे हात पोळून शिकवले होते.

त्याच वर्षी एका शिक्षणसंस्थेने आमच्याकडून बाके करून घेतली आणि पैसे थकवले. परतवाड्याच्या लाकूड व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर, समोर निम्म्या मजुरीत काम करणारा शिष्य, आणि घरात चार लेकरे. आईच्या पाटल्या गेल्या, मोठी करवतही गेली. तरीही बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी दशांश, म्हणजे मिळकतीचा देवासाठीचा दहावा हिस्सा, वेगळा काढत. त्यावरून आईचे आणि त्यांचे झालेले भांडण हे मी ऐकलेले एकमेव भांडण आहे. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना त्या दिवशीही झाली, केसांतला भुसा न झटकता. ते संस्थाचालकांसाठीही प्रार्थना करत. मी डोळे उघडे ठेवून बसत असे. अखेर त्या पाटलांनी चुकाऱ्याची वाट न पाहता दोन नव्या बंड्यांची पूर्ण रक्कम आगाऊ आणून दिली आणि दुकान तरले.

नव्या धंदेवाल्यांना माझे सांगणे आहे की संस्थेचे काम निम्मी उचल हातात पडल्याशिवाय सुरू करू नये, फर्मे कुलपात ठेवावेत आणि बाभळीचा ओंडका पाण्यात मुरवल्याशिवाय चाकाच्या मधल्या तुंब्याला वापरू नये, नाहीतर भुंगा लागतो. शेतकऱ्यांनीही पेरणी संपल्यावर तिफन बांधावर पावसात सोडून देऊ नये.

पुढची वीसेक वर्षे बरी गेली. मग ट्रॅक्टर आले, बंड्या कमी झाल्या आणि आम्ही दारे-खिडक्यांकडे वळलो. शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, छकडे तेवढे करत होतो, तेही २०१४ च्या बंदीने थांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा सुरू झाले.

तोवर बाबा राहिले नव्हते. दुकानाच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. दर नाताळाला ते आम्हा भावंडांना तिथे उभे करून डोक्यावर गुण्या टेकवत आणि उंची आखत, सूतभरही तिरपी रेघ त्यांना चालत नसे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाची शवपेटी त्यांनी विनामोबदला केली होती. त्यांची करायची वेळ आली ती शनिवारी रात्री, आणि माझे हात चालेनात. दहाच्या सुमारास समोरचा तो आला, काही न बोलता त्याने फळ्या उचलल्या आणि रविवार उजाडेपर्यंत काम केले. मजुरीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. झाकणाच्या कडेला त्याने मारलेला रंधा हुबेहूब बाबांसारखा होता. फर्मे मात्र अजून त्याच्याकडेच आहेत.