कासव बुडायच्या आधी

त्या दिवशी पाणी चढायला लागलंय हे मला ३ वाजून १० मिनिटांनी कळलं. पाहुण्यांना मी ते ३ वाजून २८ मिनिटांनी सांगितलं. मधल्या अठरा मिनिटांबद्दल मला कोणी काही विचारलेलं नाही. उलट कॅम्पवर कौतुकच झालं.

मी ट्राउटच्या फ्लाय फिशिंगचा गाइड आहे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा; फ्लाय म्हणजे पिसं-धागे बांधून हूकवर केलेला नकली किडा. या कामात गाठी मारणं, झुडपात अडकलेल्या फ्लाय सोडवणं आणि पाहुण्यांच्या रॉडपासून आपला कान वाचवणं, यात निम्मा दिवस जातो. लोकांना वाटतं, गाइडला मासा कुठे आहे ते माहीत असतं. मासा कुठे आहे ते दोन दिवसांत कोणालाही कळतं. गाइडला किती वाजलेत ते कळावं लागतं, विशेषतः उन्हाळ्याच्या सुरुवातीला.

बर्फावर पोसलेली नदी या दिवसांत रोज भरते आणि रोज ओसरते. सकाळी अकराच्या उन्हाने वर जे बर्फ सुटतं, त्याचं पाणी आमच्या टप्प्यात साडेतीन-चारला पोचतं. नवख्याला हे सांगून पटत नाही. डोक्यावर निळंशार आभाळ असतं आणि पूर म्हटलं की त्याला पाऊस हवा असतो. फोनमधलं हवामान तर दिवसभर पिवळा सूर्यच दाखवतं. वरच्या खोऱ्यात पाणी मोजायची पट्टी नाही. आम्हाला आहे तो कासव: पात्रातला एक गोल, काळपट दगड. कासवाची पाठ कोरडी असेपर्यंत पात्रातल्या बेटावर थांबायचं. पाठ ओली झाली की निघायचं. बुडाली तर उशीर झाला.

सकाळी सातला नदीचं पाणी ५ अंश होतं. एवढ्या थंडीत ट्राउट तळाशी दगडासारखा पडून असतो, म्हणून आम्ही आधी तळ्यावर गेलो. तळ्याचा उथळ काठ उन्हाने लवकर तापतो, चिलटांचे कोष तळातून वर येऊन पृष्ठभागाखाली लटकतात, आणि मासे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून काठाकाठाने चरत जातात. पाहुणे एकच, साठीचे, शांत, सामान महागडं पण हात चांगला. त्यांना दोन मासे मिळाले. दुसरा रेनबो जातीचा ट्राउट होता, लांबीला बरा पण पोट आत गेलेलं, शेपटीची खालची कड झिजून पांढरी पडलेली.

"आजारी आहे का हो?"

आजारी नव्हती, बाळंतीण होती. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत वितो, रेनबो वसंतात, आणि आमच्यासारख्या थंड पाण्यात ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबतं. मादी आडवी होऊन शेपटीने खडी उकरते, अंडी घालते आणि वरच्या बाजूची खडी उकरून ती झाकते. शेपटीची कड त्यातच झिजते. हे मी त्यांना रंगवून सांगितलं. मला सांगायला आवडतं.

दीडच्या सुमाराला नदी ९ अंशांवर आली. बेटावर जायला दोन वाटा. डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी पसरून पुढच्या खळाळात उतरतं, तिथे गुडघाभरच पाणी आणि पायाखाली बारीक खडी. तिथून कोणीही जाईल. पण तिथेच खडीत तीन लांबट फिकट डाग होते, शेवाळ निघून गेलेले, ताज्या घासलेल्या भांड्यासारखे. ही रेनबोची घरटी. १० अंशांना अंडं फुटायला महिनाभर लागतो, थंड पाण्यात त्याहून जास्त. त्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागेपर्यंतचे दिवस फार नाजूक, नुसत्या हादऱ्यानेही अंडं मरतं. म्हणून मी पाहुण्यांना चाळीस पावलं वर नेलं आणि मांडीभर पाण्यातून, हातात हात अडकवून पलीकडे काढलं. जाताना घरट्यांवर छोटंसं व्याख्यानही दिलं. "इथे पाऊल म्हणजे पाऊल टाकायचं नाही." त्यांनी मान डोलावली.

बेटावर पोचलो आणि वीस मिनिटांत मेफ्लाय नावाच्या पाणमाश्या निघायला लागल्या. राखाडी, शिडाच्या होड्यांसारख्या, पंख उभे करून वाहत येणाऱ्या. पलीकडच्या कड्याखाली, फेसाच्या रेघेत एक मासा वर येत होता. खळबळ न करता येणारा मोठाच असतो. पाहुण्यांनी तरंगणारी फ्लाय सुरेख टाकली. नकार. पुन्हा टाकली. नकार. तिसऱ्यांदा फ्लायखाली पाणी फुगलं आणि बसलं.

मी डोळ्यांना दुर्बीण लावली. मासा किडा पृष्ठभागावरून उचलतो तेव्हा त्याचं नाक बाहेर येतं आणि मागे एखादा बुडबुडा राहतो. इथे नाक दिसतच नव्हतं. आधी पाठ, मग पाठीचा पर, मग शेपटीचं टोक, आणि बुडबुडा नाही. म्हणजे तो उडायला तयार झालेल्या माश्या सोडून, कातडीतून अर्धवट निघालेल्या, पाण्याच्या सायीत अडकलेल्या माश्या खात होता. माझ्या डबीत तसल्या चार होत्या, मीच बांधलेल्या: सोळा नंबरचा हूक, शेपटीच्या जागी अंगावरून न सुटलेल्या कातडीसारखा तपकिरी धागा, शरीर पाण्याखाली लोंबणारं, वर फक्त पिसांची चिमूट. गेला हिवाळाभर मी त्या चिमटीचं प्रमाण जुळवत होतो. पिसं जास्त झाली की फ्लाय उंच तरंगते, कमी झाली की बुडते.

हूकचा काटा चिमट्याने दाबून मी ती बांधत होतो, तेव्हा फेसाच्या रेघेतून पाचोळा आला. पाइनच्या चार-पाच सुया, सालीचा तुकडा, एक सुकं पान. ओसरती नदी स्वच्छ वाहते. चढती नदी काठावरचं कोरडं सामान उचलून आणते. कासवाकडे बघायच्या आधीच मला कळलं होतं. घड्याळ पाहिलं, ३:१०. कासव अजून कोरडा होता, आणि नियम कासवाचा आहे, पाचोळ्याचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. फ्लाय बांधून पूर्ण केली.

माझी फ्लाय होती ती. बाकी काही कारण नाही.

पहिल्या फेकीत मधली धार लाइन ओढायला लागली आणि फ्लाय फरपटली. मी त्यांना लाइन वरच्या बाजूला उचलून टाकायला सांगितलं. दोन-तीनदा जमलं नाही. कासवाची पाठ ओली झाली ते मी पाहिलं. तोंडाने मात्र "थोडं डावीकडे" म्हणालो. ३:२४ ला माशाची पाठ वर आली, पर आला आणि लाइन ताठ झाली. ब्राउन होता, लोण्याच्या रंगाचं पोट, लाल ठिपक्यांभोवती निळसर कडी. पाण्याबाहेर न काढता जाळीतूनच सोडला. तो गेला तेव्हा पाणी ८ अंश होतं आणि त्यात राख कालवल्यासारखी झाक आली होती.

"निघायला हवं," मी म्हणालो. ३:२८. कासवाच्या जागी नुसता पाण्याचा फुगवटा होता.

वरची वाट गेली होती. धारेचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. मांडीभर पाण्यात मी एकटा कदाचित उभा राहिलो असतो, ते नसते राहिले. राहिली डोहाची शेपटी. दोघांचे कमरेचे पट्टे आवळले, त्यांना माझ्या खालच्या अंगाला घेतलं, दंडात दंड अडकवला, तोंडं प्रवाहाकडे. एक पाऊल मी, एक ते. गुडघ्याचं पाणी आता मांडीला आलं होतं. पण खडी सपाट, पाय ठरत होते. अर्ध्यावर त्यांनी खाली पाहिलं. पाणी गढूळलं होतं, तरी फिकट डाग दिसत होते.

"अहो, इथून नको म्हणाला होतात ना?"

"चला," मी म्हणालो.

पाण्यात पाय उचलायचा नसतो, घासत न्यायचा असतो. पडू नये म्हणून मीच तसं शिकवलेलं. दोन जणांचे चार बूट, घासत.

कॅम्पवर त्यांनी हे साहसकथेसारखं सांगितलं. मी किती शांत होतो, वगैरे. मॅनेजरने पाठ थोपटली. आमच्यातला तरुण गाइड, ज्याला माशापेक्षा माशाच्या फोटोचं वजन जास्त कळतं, फोटो का नाही काढला म्हणून हळहळला. फ्लाय कोणती होती तेही त्याने विचारलं. मी सांगितलं, आणि सांगताना मला बरं वाटलं हेही खरं आहे. घरट्यांचं कोणी काढलं नाही. पाहुण्यांनीही नाही. जीव वाचवताना काय तुडवलं हे कोणी विचारत नाही, आणि जीव धोक्यात कशाने आला हे तर त्यांना माहीतच नव्हतं. ३:१० ला निघालो असतो तर वरच्या वाटेने निवांत परत आलो असतो, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सहाला मी एकटाच गेलो. पाणी उतरलं होतं, काचेसारखं. कासव कोरडा. काठावर उभं राहून, पाण्यावरची चमक कापणाऱ्या ध्रुवीकृत चष्म्यातून खडी पाहिली. तीन डाग होते. मधल्याच्या कडेला दोन जागी खडी दबल्यासारखी वाटत होती. ती बुटांनी दबली की रात्रीच्या पाण्याने, तेवढ्या लांबून सांगता येईना. जवळ जाऊन बघायचं तर पुन्हा त्याच खडीवरून जावं लागणार होतं.