लिलावाचा कागद

जिची ही गोष्ट आहे, त्या मुलीचा नंबर घरासाठीच्या सरकारी मदतीच्या सोडतीत लागला नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही माझ्या नोकरीतला तो दिवस मनातून जात नाही.

मी कॅलिफोर्नियात, स्टॉकटनला घरकर्जाचं काम करते. २०२४ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या 'ड्रीम फॉर ऑल' योजनेची नोंदणी चालू होती. घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख डॉलर, सरकार डाउन पेमेंटला देतं. त्याचा महिन्याला हप्ता नाही; घर विकताना ती रक्कम आणि वाढलेल्या किमतीतला वाटा परत द्यायचा. आदल्या वर्षी जो आधी येईल त्याला, अशी पद्धत होती आणि ३० कोटी डॉलर ११ दिवसांत संपले होते. म्हणून या वेळी म्हाडासारखी सोडत ठेवली, आणि अर्जदारांत निदान एकजण 'फर्स्ट जनरेशन', म्हणजे ज्याच्या आईवडिलांच्या नावावर घर नाही असा, हवा अशी अट घातली.

मुदत संपायला चार दिवस होते. तिशीतली एक मुलगी आली, इस्पितळात तंत्रज्ञ. सोबत आई. आईला इंग्रजी थोडंच, मुलगी स्पॅनिशमध्ये सांगत होती. पगाराच्या स्लिपा, बँकेची खाती, सगळं नीट लावलेलं. शेवटी मुलगी म्हणाली, "पण मी यात बसत नसेन. आमचं घर होतं."

आईने मान खाली घातली.

२००५ मध्ये घेतलेलं घर. व्याजदर बदलता. दोन वर्षं हप्ता झेपला, मग वाढला, आणि २००९ मध्ये घराचा लिलाव झाला. स्टॉकटनमध्ये तेव्हा गल्लीगल्लीत हेच चाललं होतं. २०१२ मध्ये तर शहरानेच दिवाळखोरीचा अर्ज केला. वडील २०१८ मध्ये भाड्याच्या घरात वारले.

मी नियम पुन्हा वाचून दाखवला. आईवडिलांच्या नावावर आज अमेरिकेत घर नसावं. वारले असतील तर मृत्यूच्या वेळी नसावं. पूर्वी कधी नव्हतंच, असं म्हणावं लागत नाही. ज्यांच्या हातून घर गेलं, त्यांच्या मुलांनाही यात जागा आहे. हा नियम करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. वारशाने काहीच न मिळणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं आणि बाबांनी वर्षानुवर्षं म्हाडाचे अर्ज भरले.

पण मुलीला सही करून तसं लिहून द्यायचं होतं आणि तिची खात्री होत नव्हती. बाबांचं नाव कुठे राहून गेलं असेल तर? म्हणून दुपारी आम्ही तिघी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्डर कार्यालयात गेलो; घरांच्या मालकीच्या नोंदी तिथे असतात. लिलावानंतर मालकी बदलल्याची नोंद निघाली. एक पान, शिक्का, २००९ ची तारीख.

आईने ते पान बराच वेळ धरून ठेवलं. मग मुलीला हळूच काहीतरी विचारलं. मुलीचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "आई विचारतेय, कर्जाचे उरलेले पैसे मागायला बँक अजून येऊ शकते का?"

पंधरा वर्षं. पंधरा वर्षं ही बाई दारावरच्या थापेला घाबरत होती. तिच्याकडचे जुने कागद मी बघितले. एकच कर्ज, राहतं घर घेण्यासाठीच काढलेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अशा कर्जात लिलावानंतरही न फिटलेली रक्कम बँकेला मागता येत नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा तिने मुलीकडून तीन वेळा वदवून घेतलं.

मग खुर्ची पुढे ओढून तीच प्रश्न विचारू लागली. व्याज बदलेल? नाही, मुख्य कर्ज तीस वर्षं ठरलेल्या दराचं. सरकार किती घेणार? मी कागदावर मांडलं: साडेचार लाखांचं घर, सरकारचे ९० हजार. साडेपाच लाखांना विकलं, तर ९० हजार परत आणि वाढलेल्या एक लाखातले २० हजार. आणि भाव पडला तर? तिने हे विचारणं साहजिकच होतं. मी म्हटलं, वाढ नाही तर वाटाही नाही, पण मूळ रक्कम देणं राहतंच. मुलीपेक्षा आईला ते लवकर कळलं.

संध्याकाळी अर्ज गेला. निघताना आईने त्या पानाच्या दोन प्रती मागितल्या. एक स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि दुसरी मुलीला देत म्हणाली, "ही बाबांच्या कागदांत लाव."