घराला फोनवर बोलतं केलं: व्हॉइस मोडेम निवडण्याचा माझा अनुभव

जांबोटीच्या अलीकडं आमचं घर. खानापूर तालुक्याचा हा पट्टा पावसाचा. करंट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, आणि मोबाइलला घरात रेंज नाही. मी बेळगावात उद्यमबागेत कामाला, घरी आई आणि अप्पा दोघंच. विहिरीवरची मोटार, टाकीची पातळी आणि गोठ्यातला दिवा मी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर बसवून जोडला होता. पण नेटच नाही तिथं ॲप उघडून करायचं काय? भरवशाची होती ती जुनी लँडलाइन. तिला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालू राहतो. पायला छोटी बॅटरी दिली की घरानंच फोन उचलावा, टाकी किती भरली ते सांगावं, आणि एक दाबला की मोटार सुरू करावी, असं मनात आलं. त्यासाठी कॉम्प्युटरला फोनशी जोडणारं आणि आवाजही हाताळणारं यंत्र हवं होतं.

आधी सिमकार्डाचं मोड्यूल घ्यायचा विचार केला. सिम८००एल स्वस्त मिळतं, पण ते फक्त टूजीवर चालतं आणि सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. मुळात घरात रेंजच नाही, तेव्हा तो विषय तिथंच सोडला. जुन्या कॉम्प्युटरमधलं मोडेम कार्डही कामाचं नव्हतं. तसली कार्डं आवाजाचं सगळं गणित विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेतात. पायवर ती बसत नाहीत आणि चालतही नाहीत.

मग खडे बाजारात गेलो. दुकानदार म्हणाले, "मोडेम आता कोण घेतंय ओ?" तरी त्यांनी माळ्यावरून एक यूएसबी मोडेम काढून दिला. खोक्यावर ५६के, डेटा, फॅक्स असं लिहिलेलं. घरी आणून कॉम्प्युटरवरून एटी+एफक्लास=? ही आज्ञा दिली, म्हणजे तुला काय काय येतं असं मोडेमलाच विचारलं, तर उत्तर आलं ०, १, २. आठ नाही! या यादीत ८ असेल तरच मोडेमला आवाज ऐकवता आणि ऐकता येतो. बाकीचे आकडे डेटा आणि फॅक्सचे. खोक्यावरच्या वेगाचा इथं काहीच उपयोग नाही. दुकानदारांनी तो बिनतक्रार परत घेतला. दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप घेऊनच गेलो आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच तो एक प्रश्न विचारला. कोनेक्झंटच्या सीएक्स९३०१० चिपचा एक मोडेम मिळाला. यादीत ८ होता, आणि लिनक्समध्ये तो वेगळा ड्रायव्हर न घालता दिसला.

खरा वेळ पुढं गेला. नंबर दाखवण्याची एटी+व्हीसीआयडी=१ ही आज्ञा देऊनही फोन करणाऱ्याचा नंबर येईना. आमच्या लाइनवर नंबर पहिल्या घंटीच्या आधी डीटीएमएफच्या, म्हणजे फोनची बटणं दाबल्यावर वाजतात तसल्या सुरांत येतो, आणि हा मोडेम अमेरिकी पद्धतीनं पहिल्या दोन घंट्यांच्या मध्ये एफएसके या वेगळ्याच प्रकारच्या सुरांची वाट बघत बसतो. त्यावर मी झगडलो नाही. नंबरावरून ओळखण्याऐवजी चार आकडी पिन ठेवला. मोटारीचा प्रश्न असताना तेच जास्त सुरक्षित वाटलं.

दुसरी अडचण जास्त त्रासाची होती. समोरच्यानं फोन ठेवला तरी मोडेम लाइन सोडेना, आणि मग दिवसभर घरचा फोन एंगेज. आई एकटी असताना असं झालं तर? कारण सुरात होतं. समोरच्यानं फोन ठेवला हे मोडेमला लाइनवर वाजणाऱ्या एंगेजच्या सुरावरून कळतं. आपल्याकडं एंगेजचा सूर ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र वाजतात. एटी+जीसीआय=५३ देऊन मोडेमचा देश भारत केला तेव्हा त्याला आपला सूर कळू लागला. तरीही स्क्रिप्टमध्ये ९० सेकंदांची मर्यादा घातलीच आहे. काही झालं तरी तेवढ्यात फोन ठेवला जातो.

होम असिस्टंटमधली मोडेमची तयार सोय फोन करणाऱ्याचा नंबर दाखवण्यासाठी आहे. बटणं ओळखायला मी पायथनची स्क्रिप्ट लिहिली. ती दाबलेला आकडा एमक्यूटीटी या उपकरणांमधल्या निरोपांच्या पद्धतीनं होम असिस्टंटकडं पाठवते. सूचना वाजत असताना बटण दाबलं तर बऱ्याचदा ते हुकायचं. म्हणून वाक्यं तोडून छोटी केली आणि प्रत्येकानंतर दोन सेकंद शांतता ठेवली.

आवाज आईचा आहे. ८००० हर्ट्झ, मोनो. स्वयंपाकघराचं दार लावून रेकॉर्ड केला. "टाकी अर्धी हाय. मोटार लावायची तर एक दाबा." मी "आहे" म्हणायला सांगत होतो, ती म्हणाली, "आमच्यात असंच बोलतात की रे." तेच ठेवलं, आणि आता दुसरं काही ऐकवणार नाही. अप्पा वरच्या शेताच्या बांधावर रेंज आली की तिथूनच साध्या बटणांच्या फोनवरून घरी फोन लावतात आणि मोटार सुरू करतात. पूर्वी त्यासाठी ते चिखलातून खाली उतरायचे.

वळवाच्या विजा मात्र तारेतून आत येतात. म्हणून मोडेमच्या आधी लाइनला सर्ज प्रोटेक्टर लावलाय, आणि गडगडायला लागलं की आई वायर काढून ठेवते. त्याच चिपचा आणखी एक मोडेम घेऊन, तपासून, कपाटात ठेवलाय. पुढच्या वर्षी तो मिळेलच असं नाही.