ओढा, खेरवाडी, सुकेणे

सतरा वर्षं मी पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. कसारा ते दादर सगळी स्टेशनं मला उलटीसुलटी पाठ. झोपेतून उठवून विचारा, आटगावनंतर आसनगाव आणि मग वासिंद, हे न अडखळता सांगीन. तर परवा भाचीनं विचारलं, "मामा, नाशिकरोडहून मनमाडकडे निघालं की ओढ्यानंतर कुठलं स्टेशन?"

मी छातीठोकपणे म्हणालो, "निफाड."

चूक. मध्ये खेरवाडी आहे आणि कसबे सुकेणे आहे. घरापासून दोन-तीन स्टेशनांवर काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि खर्डीच्या फलाटावर कुठला डबा कुठे लागतो ते माहीत होतं. पंचवटी मनमाडहूनच सुटते, निफाड-लासलगावची पासधारक मंडळी आमच्या डब्यात रोज असायची. पण आम्ही नाशिकरोडला चढणारे. आमच्या लेखी गाडी नाशिकरोडलाच जन्माला यायची.

मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक रजा काढली आणि इगतपुरीहून भुसावळला जाणारी मेमू, म्हणजे विजेवर चालणारी पॅसेंजर, धरली. सकाळी ती भुसावळकडे जाते, दुपारी तिची जोडगाडी भुसावळहून परत इगतपुरीकडे येते. छोट्या स्टेशनावर उतरायचं तर हे गणित आधी मांडावं लागतं. मुंबईत एक लोकल गेली तर दुसरी येते. इथे गेली की गेली.

तिकीट मोबाइलवर काढायला गेलो, तर ते ॲप फलाटावर उभं राहून तिकीट देत नाही, रुळांपासून लांब जावं लागतं. पुन्हा जिना चढून बाहेर गेलो, रिक्षावाल्यांच्या गराड्यात उभा राहून तिकीट काढलं. दहा रुपये. करोनानंतर पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्यानं, म्हणजे कमीत कमी ३० रुपये. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा १० वर आलं. शहरात बसणाऱ्याला यातला फरक कळत नाही. रोज भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईला विचारा.

नाशिकरोडहून ओढ्याकडे जाताना गोदावरीचा पूल येतो. रामकुंडावर गर्दीतून दिसणारी गोदावरी इथे पसरट, शांत, कडेला पाणवनस्पतीचा हिरवा थर. उजवीकडे एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या. ओढा येईपर्यंत चिमण्या मागे सरतात आणि शहर संपतं. ओढ्याला चार-पाच माणसं उतरली, दोन चढली, गाडी हलली. मेमूचं एक बरं असतं, वेगळं इंजिन नसतं, डब्यांखालच्या मोटरींवरच चालते. त्यामुळे थांबली तरी झटकन उचल घेते आणि इगतपुरीला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची भानगडही उरत नाही. जुनी पॅसेंजर सुटताना आधी एक हिसका द्यायची, मग विचार करायची.

खेरवाडीला मात्र आमची उचल कामाला आली नाही. गाडी लूपमध्ये, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या रुळावर, घेतली होती. समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "क्रॉसिंग हाये." क्रॉसिंग म्हणजे एकेरी लाइनीवर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं. ही दुहेरी लाइन, इथे क्रॉसिंग कसलं? मागची वेगवान गाडी पुढे काढायची असते. पण आपल्याकडे पॅसेंजर उभी राहिली की तिचं क्रॉसिंगच असतं, आणि मीही सतरा वर्षं तोच शब्द वापरला आहे. दारातून वाकून पाहिलं तर आमच्या लाइनीचा सिग्नल लाल, शेजारच्या मुख्य लाइनीचा हिरवा. म्हणजे आपल्याला बसायचं आहे, हे कुणी सांगायची गरज नाही.

रोजचे लोक या थांब्यात काय काय उरकतात ते पाहण्यासारखं होतं. एका बाईंनी मेथीची जुडी निवडायला घेतली. दोन मुलं फलाटावर उतरून नळावर बाटल्या भरून आली. मग रूळ गुणगुणायला लागले, स्टेशनातला माणूस हिरवी झेंडी घेऊन बाहेर येऊन उभा राहिला आणि एक लांबलचक गाडी धाडधाड निघून गेली. आमचा डबा शेजारच्या वाऱ्यानं हलला. एसी डब्यांच्या काळ्या काचांमागे कुणाचा चेहरा दिसेना. मी त्या काचेमागे किती वेळा बसलो असेन, आणि बाहेर उभी असलेली गाडी कधी मोजलीही नसेल.

समोरच्या गृहस्थांच्या पायाशी सुतळीनं बांधलेले रद्दीचे दोन गठ्ठे होते. मला वाटलं दुकानासाठी असतील.

"दादा, एवढी रद्दी कशाला?"

"घडांना लावायला. थंडी पडली का मणी गुलाबी पडत्यात. मग व्यापारी हात लावत नाही."

द्राक्षाच्या पट्ट्यात राहून हे मला ठाऊक नव्हतं. दरवर्षी हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण वाचतो, ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद असते. आपण वाचून स्वेटर शोधतो. इथे लोक तीच वर्तमानपत्रं द्राक्षांना नेसवतात. रात्रीचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत फार अंतर पडलं की हिरव्या मण्यांवर गुलाबी झाक येते आणि निर्यातीचा माल बाद होतो.

"तुम्ही कुठं चालले?"

"सुकेण्याला."

"कोणाकडं?"

"कोणाकडे नाही. स्टेशन बघायला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "स्टेशनात काय बघता, बाग बघा."

कसबे सुकेण्याला उतरलो. पिवळ्या पाटीवर नाव वर मराठीत, खाली हिंदीत. म्हणजे देवनागरीत तेच ते दोनदा आणि तिसऱ्यांदा इंग्रजीत. आपल्या नाशिकचं हिंदीत निदान 'नासिक' तरी होतं, सुकेण्याला ती सोय नाही. स्टेशनच्या नावात एकच सुकेणे असलं तरी गावं दोन, बाणगंगेकाठचं कसबे आणि मौजे. मौज्यातलं महानुभावांचं दत्तमंदिर प्रसिद्ध आहे. पुढचं स्टेशन निफाड, न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव. ते १८४२ साली जन्मले तेव्हा देशात प्रवाशांची आगगाडी यायला अजून अकरा वर्षं होती. तिकडे जायचा मोह झाला होता, पण रद्दीवाल्या दादांचा मेहुणा मोटारसायकल घेऊन आला होता आणि गठ्ठ्यांसकट आम्ही तिघं तिच्यावर बसलो. कसे, ते लिहीत नाही.

बागेत मांडवाखाली शिरलं की ऊन एकदम विझतं. वर वेलींचं छत, खाली ओल्या मातीचा गारवा आणि डोक्याच्या उंचीवर ओळीनं लटकलेली वर्तमानपत्रं. तिथे सहा-सात बाया काम करत होत्या. एक पान घडाभोवती फिरवायचं, वर देठापाशी चुणी घालायची, स्टेपलर दाबायचं. कट. पुढचा घड. कट. बोलणं चालू, हात चालू. मी एक लावून पाहिला. माझा कागद तिरका बसला आणि दोन मणी गळाले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाबा, तुमी वाचा." वाचण्यासारखं खरंच पुष्कळ होतं. एका घडावर राशिभविष्य, एकावर निविदा सूचना, एकावर वधू पाहिजे.

परतीच्या गाडीआधी मेहुण्यानं स्टेशनवर आणून सोडलं. हातात एक पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. फलाटावर सावलीचा एक बाक मिळाला. दुपारच्या वेळी छोट्या स्टेशनावर आवाज फार थोडे असतात. साळुंक्या, लांब कुठेतरी ट्रॅक्टर, आणि कचेरीतल्या फोनची घंटा. ती वाजली की बाकावरचे सगळे एकदम मान वर करतात. घंटा आपल्या गाडीची की मालगाडीची, हे ते मास्तरांच्या चालीवरून ओळखतात म्हणे. मला नाही जमलं. दोन मालगाड्या गेल्या, दोन्ही वेळा मी पिशवी उचलून उभा.

गाडी आली. नाशिकरोडला उतरून घरी जायला हवं होतं, पण सकाळपासून चटक लागली होती. म्हटलं पुढे लहवीतपर्यंत जाऊ, तिकीटही तिथलंच काढलं होतं. खरं म्हणजे नाशिकरोड हेही एके काळी गावाबाहेरचं आडरानातलं स्टेशनच. शहर इतकं लांब, की १८८९ च्या सुमारास इथून गावात घोड्यांची ट्राम सुरू करावी लागली होती. देवळालीला लष्करी छावणीतले दोन जवान उतरले. देशातली पहिली किसान रेल इथूनच सुटली, ७ ऑगस्ट २०२० ला, बिहारमधल्या दानापूरला.

लहवीतला उतरणारा मी एकटा. गाडी अस्वली, पाडळी, घोटी करत इगतपुरीकडे निघून गेली. तिथून पुढे घाट, ३७ फुटांना एक फूट चढ. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात ती यासाठीच, आणि मुंबईची लोकल कसाऱ्याला थबकते तीही या घाटापायीच. आम्ही नाशिककर शेअर टॅक्सीनं घाट उतरून ती लोकल धरतो.

स्टेशनातल्या माणसानं विचारलं, "कोणाकडं आलात?"

आता मी सराईत झालो होतो. "कोणाकडे नाही. परत नाशिकरोडला गाडी कधी?"

"परत? आत्ता तर आलात." मग त्यानं घड्याळ पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. "भगूरपर्यंत चाला. तिथून सिटी बस मिळेल."

म्हणजे सकाळी मांडलेलं गणित मीच शेवटच्या पायरीला चुकवलं होतं. रस्त्याला टेम्पो होते, पण हात दाखवायची लाज वाटली. चाललो. भगूरला बस मिळाली, उभ्यानं नाशिकरोडला आलो. जिथून दहा रुपयांत निघालो होतो तिथे पाय ओढत पोचायला दिवेलागण झाली.

घरी बायकोनं पिशवी उघडली. आत कागदासकट एक भलामोठा घड. तिनं पिन काढली, कागद सरळ केला आणि द्राक्षं धुवायला घेऊन गेली. मी कागद पाहत बसलो. मागच्या बाजूला शब्दकोडं होतं, निळ्या पेनानं निम्मं सोडवलेलं. आमच्या डब्यातही रोज असंच सोडवायचे, आणि कल्याण आलं की पेपर बाकावर तसाच टाकून उतरायचे. आडवे सातमध्ये पेन फिरवून फिरवून कागद फाटला होता.

"पेन आहे का गं?" मी विचारलं.